हायब्रिड गाडीतल्या न सांगितलेल्या गोष्टी, आणि मागे चिकटणारे महाभाग

अबोली_कोथरूड
नमस्कार मंडळी. दिवाळीत जुनी डिझेल गाडी काढून टोयोटाची हायरायडर घेतली, स्ट्राँग हायब्रिडवाली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही. शोरूमच्या मुलाने हार घातला, पेढा दिला, फोटो काढला आणि सनरूफ कसं उघडायचं ते तीनदा दाखवलं. गियरच्या दांडीजवळ 'बी' असं अक्षर आहे ते कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते लागतच नाही कधी."

गेल्या रविवारी लागलं. ठाण्याला निघालो होतो. खंडाळ्याचा बोगदा संपून उतार सुरू झाला तशी मी दांडी बी वर टाकली. गाडी छान रोखली जात होती, ब्रेकवर पायही नव्हता. मी मधल्या लेनमध्ये, वेग मर्यादेत. तेवढ्यात मागून एक पांढरी एसयूव्ही अशी येऊन चिकटली की आरशात तिची नंबरप्लेट दिसेना, नुसती जाळी. अप्पर-डिप्पर, अप्पर-डिप्पर. उजवी लेन मोकळी होती हो! त्यातच अर्ध्या घाटात माझं इंजिन एकदम ओरडायला लागलं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही आणि आवाज मात्र चढावर असल्यासारखा. मला घाम फुटला.

खाली फूड मॉलला थांबलो तर तेच महाशय बाजूला उभे. मी भांडायच्या तयारीत, आणि ते म्हणतात, "ताई, तुमचे ब्रेक लाइट बंद आहेत, दाखवून घ्या." दाखवून घेतले. दिवे ठणठणीत आहेत.

तर प्रश्न दोन. शोरूममध्ये न सांगितलेल्या हायब्रिडच्या अशा गोष्टी आणखी कोणत्या? आणि हे चिकटे लोक मागे लागले की तुम्ही काय करता?

गंप्या
पहिला प्रश्न वगळून दुसऱ्याचं उत्तर देतो. काचेवर 'नाद करा पण आमचा कुठं' लावा.

निवांत_नाना
गंप्या, तो स्टिकर चिकटणाऱ्याच्याच गाडीवर असतो रे.

पाचवा_गियर
अबोलीताई, तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही.

बी म्हणजे उतारावर जास्त रोध. डी मध्ये, म्हणजे नेहमी चालवतो त्या गियरमध्ये, पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालते, चाकांची ताकद खाऊन बॅटरी भरते आणि गाडी हळूहळू मंदावते. बी मध्ये हाच रोध वाढतो. पण तुम्ही ब्रेक दाबलेलाच नाही, त्यामुळे मागचे लाल दिवे लागत नाहीत. साध्या गाडीत उतारावर दुसरा गियर टाकला तरी दिवे लागत नाहीतच. तसंच हे. त्या एसयूव्हीवाल्याला दिसत काय होतं? पुढची गाडी दिवा न लावता जवळ जवळ येतेय.

युरोपातल्या नियमात यावर आकडा आहे. पाय उचलून होणारा विजेचा रोध दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंद या दरापेक्षा जास्त वेग कमी करत असेल, तर ब्रेक लाइट लागलाच पाहिजे. ०.७ पेक्षा कमी असेल तर लागता कामा नये. मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. आपल्या हायब्रिडचा बी हा बेताचा रोध असतो, पूर्ण इलेक्ट्रिक गाडीच्या 'एका पेडल'सारखा (नुसता पाय उचलून गाडी थांबते तो) करकचून नाही.

सदाशिव_पेठी
म्हणजे चूक त्या एसयूव्हीवाल्याची नव्हती असं म्हणायचंय का? नंबरप्लेट दिसेना इतका जवळ आला होता तो. दिवा लागो न लागो, अंतर नको ठेवायला?

पाचवा_गियर
चूक त्याचीच. मी फक्त त्याला काय दिसलं ते सांगितलं.

हिशेबी
इंजिन का ओरडलं त्याचं गणित मांडतो. शाळेतलंच आहे, घाबरू नका.

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर, खोपोली साठ-सत्तर. उतार धरा ५५० मीटरचा. गाडी, चार माणसं आणि डबे-पिशव्या मिळून १६०० किलो. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची केलं की सुमारे ८६ लाख ज्यूल येतात, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत जवळजवळ २.४ युनिट. यातलं बरंचसं वारा आणि टायर खातात. तरी घाट उतरताना एक-सव्वा युनिट उरतं, ते कुठेतरी जायला हवं.

आता तुमच्या गाडीची बॅटरी केवढी? पूर्ण क्षमता ०.७६ युनिट. तीही गाडी कधी तळापर्यंत रिकामी करत नाही आणि काठोकाठ भरत नाही, म्हणजे आयत्या वेळी मोकळी जागा पाव युनिटच्या आसपास. ती पहिल्या काही वळणांतच भरते. उरलेलं काय करायचं? मग गाडी एका मोटरने इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न टाकता. इंजिन त्या वेळी हवेचा पंप असतं. तोच तुमचा आवाज. बॅटरीत मावेना म्हणून वाया घालवलेली वीज, आणि त्या बदल्यात तुमचे ब्रेक थंड.

अबोली_कोथरूड
हिशेबी, हे शोरूममध्ये कोणी सांगितलं असतं तर मी पेढा दोनदा खाल्ला असता. म्हणजे तो आवाज ऐकून बी मधून डी मध्ये आले, ती चूकच केली?

हिशेबी
चूक असं नाही, डी मध्ये उरलेला भार ब्रेक पॅडवर आला एवढंच. एका उतारात काही बिघडत नाही. पण लांब उतार आणि भरलेली गाडी असेल तर आवाज सहन करा. आणि सपाटीवर बी लावून फिरू नका. काही जणांना वाटतं त्याने बॅटरी जास्त भरते. तिथे उलट इंजिन उगाच फिरून वीज फुकट जाते.

काळ्या_धुराचा_मित्र
म्हणून म्हणतो डिझेल घ्या. दुसरा गियर, विषय संपला. ना बी, ना सी, ना अंकगणित.

निवांत_नाना
आले! वाटच बघत होतो. प्रत्येक गाडीच्या धाग्यावर हजेरी असते यांची.

बे_एरियातला_बाळ्या
मी कॅलिफोर्नियात २००९ पासून प्रियस चालवतो, त्यामुळे चिकट्यांच्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा आहे. इथे एके काळी हायब्रिडला पिवळे स्टिकर मिळायचे. ते लावलं की एकटा माणूससुद्धा कारपूल लेनमधून जाऊ शकायचा. एकूण ८५,००० स्टिकर वाटले होते, ते जुलै २०११ ला बंद झाले. तोवर बाजूच्या तुंबलेल्या लेनमधले लोक आमच्याकडे काय डोळ्यांनी बघायचे! त्यातच आमच्यातले काही जण मायलेज वाढवायला त्याच लेनमध्ये रमतगमत जायचे. मागे मोठा पिकअप ट्रक येऊन चिकटायचा, त्याचे दिवे थेट माझ्या डोक्याच्या उंचीला. खोटं कशाला बोलू, त्या रमतगमत जाणाऱ्यांत मीही होतो.

एक उपयोगी गोष्ट. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, ती मोठ्या बॅटरीला थंड हवा देणारी. तिच्यावर ब्लँकेट, दप्तर, काही टाकू नका. आमच्याकडे कुत्रा आहे. चार वर्षांनी जाळी उघडली तर आतून अख्खं दुसरं पिल्लू निघेल एवढे केस. इतर मॉडेलमध्ये जाळी वेगळ्या जागी असते, पुस्तकात बघा.

रानजाई
कुत्रा परवडला. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये संसार थाटतात. कोणी तंबाखूची पानं ठेवा सांगतं, कोणी डांबराच्या गोळ्या. हायब्रिडच्या त्या नारिंगी वायरी कुरतडल्या तर काय होतं, कोणाला अनुभव?

टायरवाला
नारिंगी वायर म्हणजे जास्त दाबाची वीज. तिला घरी हात लावायचा नाही, 'बघतो जरा' म्हणूनसुद्धा नाही. उंदरांसाठी वेगळा धागा काढा, त्यावर मी पाच पानं लिहीन.

शिकाऊ_आजी
मी ६१ व्या वर्षी गाडी शिकले. माझी होंडा सिटी हायब्रिड आहे. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती आहेत, त्यांनी पाय उचलल्यावरचा रोध कमीजास्त करता येतो. नातवाने शोधून काढलं, आठ महिन्यांनी. तोवर मला वाटायचं ती गाणी बदलायची बटणं आहेत, बिघडलेली.

मागे कोणी चिकटलं तर मी डावीकडे होते आणि जाऊ देते. मला कुठे ऑफिस गाठायचंय?

सदाशिव_पेठी
आजी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण असं जाऊ देऊ देऊनच हे लोक सोकावलेत. मी लेन सोडत नाही. जास्तच झालं तर ब्रेकवर एकदा दणकून पाय. पुढचा अर्धा तास माणूस सभ्य राहतो.

इरा_सोलापूर
आणि मागून ट्रक असेल तर?

सदाशिव_पेठी
ट्रकला नाही मारत ब्रेक. तेवढी अक्कल आहे.

वकिलीणबाई
सदाशिवराव, कोर्टात भेटू नये अशी इच्छा, म्हणून इथेच सांगते. आपल्या वाहतूक नियमांत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. १९८९ च्या रस्ता नियमांत होत्या, त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या विनियमांतही आहेत. मागच्याने पुरेसं अंतर ठेवायचं, आणि पुढच्याने सुरक्षेचं कारण नसताना एकदम ब्रेक मारायचा नाही. 'मागून धडकला म्हणजे चूक मागच्याची' हे लोक वेदवाक्यासारखं म्हणतात, पण ते नेहमीच टिकत नाही.

जुलै २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. कोइमतूरजवळ एका गाडीवाल्याने इशारा न देता हायवेवर गाडी थांबवली, गरोदर बायकोला उलटीची भावना झाली म्हणून. मागून येणारा मोटरसायकलवाला विद्यार्थी धडकून पडला, त्याच्या पायावरून बस गेली आणि पाय गमवावा लागला. न्यायालयाने गाडीवाल्यावर ५० टक्के जबाबदारी टाकली, बसवर ३०. अंतर ठेवलं नाही म्हणून त्या विद्यार्थ्यावरही २० टक्के. त्या गाडीवाल्याकडे निदान कारण तरी होतं. तुम्ही तर इथे 'धडा शिकवायला मारतो' असं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

गंप्या
स्क्रीनशॉट काढला आहे, नाना.

सदाशिव_पेठी
'दणकून' हा शब्द मागे घेतो. 'टेकवतो' असं वाचावं.

पाचवा_गियर
हसू नका, 'टेकवणे' हेच तर खरं उत्तर आहे, आणि हायब्रिडमध्ये ते फुकट आहे! साध्या गाडीत विनाकारण ब्रेक टेकवला की पॅड झिजतात, पेट्रोल वाया जातं. हायब्रिडमध्ये ब्रेकचं पेडल हलकं दाबलं तर आधी मोटरच रोध देते, डिस्कचे ब्रेक नंतर येतात. म्हणजे पाय नुसता टेकवायचा. मागचे लाल दिवे लागतात, वेग दोन-चार किलोमीटरने उतरतो आणि वीज बॅटरीत जाते. डॅशबोर्डवरचा काटा 'चार्ज'च्या पट्ट्यात राहिला की समजायचं. तो पट्टा संपेपर्यंत दाबलं की पुढे पॅड आले.

म्हणून अबोलीताई, घाटात बी ठेवाच, आणि मागे कोणी दिसलं की वळणाच्या आधी दोनदा हलकेच पाय टेकवा. त्याला कळतं की पुढची मंदावतेय. बॅटरी भरलेली असेल तर पॅड थोडे वापरले जातील, जाऊ देत.

शिकाऊ_आजी
हे आवडलं. उद्या भाजी आणायला जाताना करून बघते.

म्यूनिककर
इथला नियम सांगतो. ऑटोबानवर ताशी वेगाच्या निम्मं अंतर, मीटरमध्ये. १३० ला ६५ मीटर. पुलांवर कॅमेरे असतात, तुमचं अंतर मोजतात. १०० च्या वर असताना त्या निम्म्याच्याही तीन दशांशापेक्षा कमी अंतर भरलं, म्हणजे १३० ला २० मीटरच्या आत, तर दंड आणि महिनाभर लायसन्स घरी. चिकटून वर दिवे मारत राहिलात तर ती जबरदस्तीही धरली जाऊ शकते, म्हणजे फौजदारी.

पण नाण्याची दुसरी बाजू. उजवी लेन मोकळी असताना इथे कोणी डावीकडे रेंगाळत नाही (आमचं उलटं आहे, ओव्हरटेक डावीकडून). मागच्या सुट्टीत पुणे-मुंबई केलं, तर ओव्हरटेकच्या लेनमध्ये ७५ ने एक कुटुंब चाललेलं, फोनवर सिनेमा लावून. मागे सात गाड्या. चिकटे आपोआप जन्माला येत नाहीत.

अबोली_कोथरूड
मी मधल्या लेनमध्ये होते हो! परत सांगते, मधल्या!

म्यूनिककर
ताई, तुम्हाला नाही. पंच्याहत्तरवाल्यांना.

व्हीसिक्स_विक्या
कबुली देतो. मी तो पांढरी एसयूव्हीवाला प्रकार आहे. (तुमचा तो मी नाही, माझी काळी आहे.) मी अंतर ठेवलं की त्या फटीत कोणीतरी घुसतं. परत अंतर ठेवलं, परत घुसतं. असं करत पनवेलपर्यंत मी मागे मागेच जाणार का? म्हणून फट ठेवत नाही. चूक आहे, माहीत आहे. पण एक्स्प्रेसवेवर तीन सेकंदांची फट म्हणजे लोकांना आमंत्रण वाटतं.

हिशेबी
विक्या, प्रामाणिकपणाबद्दल चहा माझ्याकडून. आता गणित. १०० च्या वेगाला सेकंदाला २८ मीटर जातात. समजा उर्सेपासून खालापूरपर्यंत तीस गाड्या तुझ्या पुढे घुसल्या आणि प्रत्येकीमुळे तू तीन सेकंद मागे पडलास. ९० सेकंद. दीड मिनिट. फूड मॉलला वडापावची रांग याहून मोठी असते. आणि ब्रेककडे पाय जायलाच एक सेकंद धरला, तर २८ मीटर तू नुसता पाहुणा.

व्हीसिक्स_विक्या
दीड मिनिट? च्यायला. हे कधी मोजलंच नव्हतं. राग मात्र तीस मिनिटांचा येतो.

इरा_सोलापूर
मी अंतर गाडीवर सोपवते. नवऱ्याच्या गाडीत रडारवाला क्रूझ आहे. कोणी घुसलं तर तो आपला गुपचूप मागे सरकतो, त्याला अपमान वाटत नाही. मला शिव्या द्यायचं कामच उरलं नाही. घाटात आणि पावसात मात्र बंद ठेवते.

रानजाई
पावसावरून आठवलं. चारही इंडिकेटर लावून बोगद्यात शिरणाऱ्यांचं काय करायचं? कामशेतच्या बोगद्यात परवा पुढची पाचही वाहनं लुकलुकत होती. कोण लेन बदलतंय, कोण थांबलंय, देवालाच ठाऊक.

टायरवाला
ते चार दिवे उभ्या गाडीसाठी. चालत्या गाडीने हेडलाइट लावायचे, बास. कित्येकांना खरंच वाटतं की बोगद्यात ते सक्तीचे आहेत.

आता मूळ धाग्याकडे येतो, कारण अजून महत्त्वाचं कोणी बोललंच नाही. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती मेली की गाडी मेली. मोठी बॅटरी भरलेली असली तरी काही उपयोग नाही, कारण तिला जोडणारे स्विच चालवायला आधी १२ व्होल्ट लागतात. महिनाभर गावाला जाणार असाल तर कोणाला तरी किल्ली द्या आणि गाडी मध्ये मध्ये 'रेडी'त आणून अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा. 'रेडी' लिहून आलं पाहिजे, नुसती अ‍ॅक्सेसरी लावून गाणी ऐकलीत तर उलटं होईल.

बे_एरियातला_बाळ्या
अगदी! तीन आठवडे भारतात होतो, परत आलो तर गाडी कुलूपसुद्धा उघडेना. आतल्या लपवलेल्या चावीने दार उघडलं, बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये जंप स्टार्टचं टोक असतं तिथून चालू केली. ती लपवलेली चावी रिमोटच्या पोटात असते, हेही मला तेव्हाच कळलं. रात्री एक वाजता, सासूबाई बॅगांवर बसलेल्या असताना.

निवांत_नाना
सासूबाईंची प्रतिक्रिया?

बे_एरियातला_बाळ्या
"आमच्या काळी धक्का मारायचे." हायब्रिड धक्का मारून चालू होत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

पाचवा_गियर
भर घालतो. ट्रॅफिकमध्ये जुन्या सवयीने 'एन' (न्यूट्रल) वर टाकून बसू नका. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये एन मध्ये मोठी बॅटरी भरत नाही, आणि एसी चालू असेल तर ती उतरत जाते. डी मध्ये ब्रेक दाबून थांबा. ब्रेक धरून ठेवणारं होल्डचं बटण असेल तर ते लावा. होल्डमध्ये मागचे लाल दिवे लागलेले राहतात, सिग्नलला मागून येणाऱ्या दुचाकीला तेवढीच मदत.

काळ्या_धुराचा_मित्र
आणि बॅटरी गेली की घर विकायचं, हे कोण सांगणार?

टायरवाला
टोयोटा हायब्रिड बॅटरीला भारतात ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते, जे आधी होईल ते. तोवर तुमच्या डिझेलचा इंजेक्टर किती वेळा काढावा लागतो तेही लिहा की.

काळ्या_धुराचा_मित्र
इंजेक्टरचा विषय काढायचा नाही.

अबोली_कोथरूड
मंडळी, काल पुन्हा ठाण्याला जाऊन आले, म्हणून धागा वर काढते.

उतारावर बी लावली. इंजिन ओरडलं, या वेळी मी नवऱ्याला हिशेबींचं गणित ऐकवलं, त्याला ८६ लाख ज्यूल पाठ झालेत. आडोशीच्या बोगद्याआधी एक बस मागे आली, चांगलीच जवळ. दोनदा पाय टेकवला. काटा चार्जच्या पट्ट्यातच राहिला. बस सरळ मागे राहिली. नंतर आली लाल हॅचबॅक, तिला काही फरक पडला नाही, दिवे मारतच राहिली. मग आजींचं ऐकलं. डावीकडे झाले, गेली निघून. पाच मिनिटांनी खालापूरच्या टोलला तीच माझ्या पुढे उभी, फास्टॅग वाचला जात नाही म्हणून अडकलेली. मी शेजारच्या रांगेतून हात केला. नवरा म्हणाला हात करायची गरज नव्हती. होती.

एक राहिलंच. बॅटरीची जाळी बघायला डिकी रिकामी केली, तर दिवाळीपासून हरवलेला अनारशांचा डबा सापडला.

गंप्या
अनारसे चांगले होते का?

रानजाई
अनारसे गाडीत, आणि मी विचारतेय उंदीर कुठून येतात!